काटा मध्यावर असताना

त्या सुमारास नाशकात कोच फार झाले होते. कारखान्यांतली आणि ऑफिसांतली मधल्या फळीची माणसं एकामागून एक घरी बसली होती, आणि घरी बसलेल्या माणसाला लग्नाकार्यात भेटणाऱ्यांना काहीतरी सांगावं लागतं. खरेदी, पुरवठा, भावताव, वेळापत्रकं ही सगळी कामं यंत्रं आपापसांत उरकायला लागली होती. त्यांना न जमणारं एकच काम उरलंय, माणसाचं ऐकून घेणं, असं कुणीतरी म्हणालं आणि सगळे तिकडे पळाले.

उन्मेष दळवी त्या लोंढ्यातलाच. अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत तो पुरवठा विभागाचा प्रमुख होता. कंपनीने त्याला काढलं नव्हतं, त्याने आपणहून राजीनामा दिला होता, आणि ही गोष्ट तो कुणालाही पहिल्या पाच मिनिटांत सांगत असे. शेवटच्या वर्षी त्याचं काम यंत्रांनी केलेल्या सौद्यांवर 'पाहिलं' अशी खूण करण्यापुरतं उरलं होतं. एकदा त्याने न पाहताच खूण केली आणि काहीही बिघडलं नाही. त्या दिवशी तो घरी आला तो इतका दमून, की बायकोने ताप आहे का म्हणून कपाळाला हात लावला.

"कोच म्हणजे? कुठल्या टीमचे?" सासऱ्यांनी विचारलं होतं. उन्मेषने त्यांना समजावलं. कोच सल्ला देत नाही. उत्तर समोरच्या माणसापाशीच असतं असं धरून चालायचं, नुसते प्रश्न विचारायचे आणि गप्प बसायचं. सासरे सगळं ऐकून म्हणाले, "आणि ह्याचे पैसे देतात?"

देत होते. पण त्याआधी प्रमाणपत्र हवं आणि प्रमाणपत्रासाठी सरावाचे तास भरायला हवेत. खऱ्या माणसांना समोर बसवून, त्यांच्या खऱ्या अडचणींवर. उन्मेषने मित्रांना बसवून पाहिलं. दोन-तीन जण आले आणि मग त्याचा फोन उचलेनासे झाले. शिकवणाऱ्या लीनाताईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "घरच्यांवर सराव करू नका. नवऱ्यावर नको, बायकोवर तर मुळीच नको." सगळ्यांनी माना डोलावल्या आणि सगळ्यांनी बायकांवर सराव केला. दुसरं कोण इतका वेळ बसणार?

उन्मेषची बायको संपदा पाणी तपासणाऱ्या एका लॅबमध्ये होती. सोसायट्यांच्या टाक्यांतलं, शाळांतलं, हॉटेलांतलं पाणी बाटल्या भरभरून तिच्याकडे यायचं आणि त्यात काय काय आहे ते ती शोधून काढायची. मुलगी शिकायला बाहेरगावी गेलेली. संध्याकाळी संपदा घरी यायची, चहा घ्यायची, मग जेवणाच्या टेबलाशी समोरासमोर बसायचं.

"कुकर लावलाय. शिट्ट्या झाल्या की उठणार मी, मग तुझी शांतता असो की काही असो," ती म्हणायची.

"चालेल. आज कशाविषयी बोलू या?"

सुरुवातीला ती काहीही आणायची. बाल्कनी बंदिस्त करावी का. चुलत जावेच्या घरच्या पूजेला जावं की न जावं. उन्मेष शिकल्यासारखा विचारायचा, "त्यातलं तुझ्यासाठी महत्त्वाचं काय आहे?" आणि ती हसू दाबून उत्तर द्यायची. हळूहळू त्याला ते जमायला लागलं. इतकं, की थांबवता येईना. एकदा तिने आमटीची चव बघायला चमचा त्याच्यापुढे धरला, "मीठ कमी आहे का रे?" आणि तो म्हणाला, "तुला काय वाटतं?" संपदाने चमचा खाली ठेवला आणि त्या दिवशी दोघं तसंच अळणी जेवले.

प्रमाणपत्र मिळालं. तरी टेबलाशी बसणं चालूच राहिलं. पुढच्या पायरीला आणखी तास लागत होते, आणि खरं म्हणजे दोघांनाही एकमेकांशी बोलायला दुसरी जागा उरली नव्हती.

त्याच वेळी काटा आला.

काटा म्हणजे एक चष्मा. विकणाऱ्या कंपनीने त्याला मोठं इंग्रजी नाव दिलं होतं, कोच मंडळी त्याला काटाच म्हणायची, कारण चष्म्याच्या काचेत खालच्या कोपऱ्यात वजनकाट्यासारखी एक बारीक रेघ दिसायची. माणूस दोन गोष्टींत अडकतो तेव्हा त्याच्या मेंदूत पेशींचे दोन गट दोन्ही बाजूंनी पुरावा गोळा करत असतात. एका बाजूचा साठा ठरावीक पातळीच्या वर गेला की निर्णय होतो. त्या माणसाला मात्र ते उशिरा कळतं. कित्येकदा आत ठरून गेलेल्या गोष्टीवर तो महिनाभर चर्चा करत बसतो. ही ओढाताण आवाजात उतरते. स्वरयंत्र हलवणारा मज्जातंतू आणि हृदयाकडे जाणारा, दोन्ही एकाच मोठ्या मज्जातंतूच्या फांद्या. त्यामुळे आतली घालमेल शब्दाच्या आधीच्या श्वासात आणि शब्द सुरू व्हायला लागणाऱ्या विलंबात उमटते. आपल्या कानाला ते कळत नाही, चष्म्याच्या दांडीतल्या माइकला कळतं. आधी क्लायंटच्या तोंडून दोन्ही पर्याय बोलवून घ्यायचे, एक डावीकडचा, एक उजवीकडचा. दोन-तीन बैठकांत यंत्र त्या माणसाचा आवाज शिकून घेई, आणि मग तो काहीही बोलला तरी मन कुठे झुकलंय ते रेघ दाखवी.

गंमत पुढेच होती. दोन्ही बाजू अगदी सारख्या झाल्या की रेघ मध्यावर येऊन थरथरायची. वजनकाटा तोलून उभा असताना त्यावर बोट टेकवलं तरी पुरतं, तसं त्या वेळी एखादा साधा प्रश्नही माणसाला इकडे नाहीतर तिकडे ढकलू शकायचा. विकणाऱ्या कंपनीच्या भाषेत ह्याला 'योग्य वेळी योग्य प्रश्न' म्हणत. चष्म्यात काटा आहे हे क्लायंटला आधी सांगायचं, असा कडक नियम होता.

उन्मेषच्या जुन्या कंपनीने त्याला तो चष्मा दिला आणि त्याच्याकडे माणसं पाठवायला सुरुवात केली. पहिले जयवंतराव लोखंडे, देखभाल विभागातले, उन्मेषला कधीपासून ओळखणारे. स्वेच्छानिवृत्ती घ्यावी, की पुण्याच्या शाखेत जाऊन नवं काम शिकावं, हे त्यांना ठरवायचं होतं. चष्म्याबद्दल ऐकून ते म्हणाले, "बघा की साहेब. मलाच कळत नाही, तुम्हाला तरी कळू दे."

तिसऱ्या बैठकीत रेघ मध्यावर येऊन थरथरायला लागली.

"जयवंतराव," उन्मेषने विचारलं, "उद्या सकाळी कामावर जायचंच नाहीये. पहिला चहा कुठे प्याल?"

जयवंतरावांचा चेहरा सैल झाला. "गच्चीत," ते म्हणाले. "बायकोबरोबर. निवांत." आणि रेघ डावीकडे कलली ती कललीच. आठवड्याभरात त्यांनी निवृत्ती घेतली. कंपनीकडून उन्मेषला निरोप आला, फार छान काम, आणि पाठोपाठ आणखी चार माणसं आली.

उन्मेषला आनंद झाला नाही असं नाही. कितीतरी दिवसांनी कुणीतरी त्याच्या कामाला छान म्हटलं होतं. पण स्कूटरवरून घरी येताना त्याला वाटलं, सकाळच्या चहाऐवजी मी अकरा वाजता काय कराल असं विचारलं असतं, तर? तोही सरळच प्रश्न होता. रेघ दुसरीकडे गेली असती. हे कुणाला सांगावं ते त्याला कळेना, मग त्याने कुणालाच सांगितलं नाही.

त्या संध्याकाळी संपदाने चहाचा कप बाजूला सारला. "आज खरा विषय आणलाय. ह्या खुर्चीवरचं ह्या खुर्चीवरच राहतं ना?"

"राहतं."

"आणि कोच मधे बोलत नाही."

"नाही."

"मग ऐक. मालवणजवळ समुद्री शेवाळाचं संशोधन केंद्र निघतंय. त्यांनी मला बोलावलंय. राहायची सोय आहे, एकटीची."

उन्मेषच्या डोळ्यांवर चष्मा होता. घरी आल्यावर त्याने तो काढला नव्हता. दुसऱ्या चष्म्याने वाचता येत नाही, असं त्याने स्वतःला सांगितलं होतं. चष्मा मिळाल्यापासूनच्या सगळ्या संध्याकाळीही तो होताच. बाल्कनी, पूजा ह्यांसारख्याच लहानसहान विषयांवर यंत्र संपदाचा आवाज शिकून बसलं होतं. तिला त्याने काही सांगितलं नव्हतं. घरच्या घरी सराव, त्यात काय सांगायचं, असं करत करत राहून गेलं होतं. आता सांगायला हवं होतं. तो म्हणाला, "दोन्ही बाजू एकदा बोलून दाखव."

"जावं किंवा राहावं," ती म्हणाली. "जाण्यात काम आहे. आयुष्यभर लोकांच्या टाक्यांतली घाण मोजली, उन्मेष. आता काहीतरी वाढताना बघावंसं वाटतं."

"आणि राहण्यात?"

तिने बाजूला सारलेला कप पुन्हा जवळ ओढला. 

"राहण्यात घर आहे. घरात एक माणूस आहे. कंपनीत होता तेव्हा तो घरी नसायचा. आता दिवसभर घरी असतो, तरी मला सापडत नाही. काही विचारलं की उलट मलाच विचारतो. मी उत्तरं देऊन देऊन कंटाळले आहे." ती टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत होती. "पण तो माणूस वाईट नाही. तो दमलाय, मला दिसतं. मीही दमलेय. दोन दमलेली माणसं एका घरात राहून काय करतात, हे मला ठरवता येत नाही."

काचेच्या कोपऱ्यात रेघ मध्यावर होती आणि थरथरत होती.

 नवरा म्हणून त्याला खूप काही बोलायचं होतं. पण कोचने बोलायचं नसतं, आणि खरं सांगायचं तर तो नियम त्याच्या मोठ्या सोयीचा होता. मध्यावर आहे, म्हणजे अजून गेलेली नाही, एवढंच त्याने मनाशी धरलं. मग त्याने एक साधा प्रश्न विचारला, ह्या घरातली कुठली गोष्ट तिथे नसेल? संपदा बोलायला लागली, आणि रेघ राहण्याच्या बाजूला सरकली.

दुसऱ्या संध्याकाळी ती पुन्हा मध्यावर होती. तो पुन्हा प्रश्न विचारी, रेघ पुन्हा सरके, संपदा लॅबमध्ये दिवस काढून आली की पुन्हा मध्यावर. असं कितीतरी वेळा झालं. पुरवठादार हातातून जाऊ नये म्हणून तो पूर्वी रोज गोड बोलून फोन करत असे, त्याची त्याला आठवण झाली आणि लाज वाटली. लाज वाटली तरी तो थांबला नाही. ती जाईल ही भीती लाजेपेक्षा मोठी होती.

संपदाने केंद्राला कळवायच्या आदल्या दिवशी उन्मेष कंपनीच्या कामाने अंबडला गेला होता. फाटकासमोरच्या टपरीवर जयवंतराव उभे दिसले. अकराचा सुमार. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन.

"इकडे कुठे?" उन्मेषने विचारलं.

"काही नाही हो साहेब. गच्चीतला चहा साडेसातलाच होऊन जातो." जयवंतराव ओशाळून हसले. "मग वाटतं, जरा इकडे चक्कर मारावी. मशीनचा आवाज येतो बाहेर. त्या तीन नंबरच्या कंप्रेसरचं बेअरिंग गेलंय बघा, मला इथून कळतंय."

"पुण्याला गेला असतात तर..." उन्मेष बोलून गेला आणि त्याने जीभ चावली.

"छे छे, निर्णय माझा होता," जयवंतराव घाईघाईने म्हणाले. "तुम्हाला कशाला दोष देऊ? तुम्ही तर काहीच बोलला नाहीत."

उन्मेषने टपरीवर घेतलेला चहा अर्धा तसाच ठेवला. घरी जाऊन संपदाला चष्म्याचं सांगून टाकायचं, असं त्याने गाडी सुरू करताना ठरवलं. घराच्या दारात पोचेपर्यंत ते ठरवणं बारीक होत होत कुठल्या कुठे गेलं होतं. ती उद्या कळवणार होती. आज सांगितलं तर ती चिडेल आणि चिडून जाईल. उद्या कळवून झाल्यावर सांगू.

संध्याकाळी ती समोर बसली. तिने कुकर लावला नव्हता.

"बोल," ती म्हणाली. "शेवटचं विचारून घे."

ती थोडं बोलली, जाण्याबद्दल, राहण्याबद्दल, नवीन काहीच नाही. आवाज थकलेला. रेघ हळूहळू सरकत मध्यावर आली, थांबली आणि थरथरायला लागली. इतकी बारीक थरथर त्याने कुणाचीच पाहिली नव्हती. प्रश्न त्याच्याकडे तयार होता. दुपारपासून तो त्याला घासूनपुसून ठेवत होता.

"तिथे संध्याकाळी दमून खोलीवर आलीस," त्याने हळू आवाजात विचारलं. "दार उघडलंस. आत कुणी नाही. पहिल्यांदा काय ऐकू येईल?"

संपदाने डोळे मिटले. "फ्रिजचा आवाज," ती म्हणाली, आणि तिच्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी आलं.

रेघ राहण्याच्या बाजूला गेली. थेट कडेपर्यंत गेली आणि तिथे स्थिर झाली. उन्मेषने इतका वेळ धरलेला श्वास सोडला.

"गेला का?" संपदाने विचारलं. तिचे डोळे आता उघडे होते.

"काय?"

"काटा. राहण्याकडे गेला ना?"

उन्मेषचा हात चष्म्याच्या दांडीकडे गेला.

"मला दिसतो," ती म्हणाली. "तुझ्या काचेतून समोर थोडा उजेड सांडतो. उलटा दिसतो मला, पण दिसतो. चष्म्याची जाहिरात तर सगळीकडे आहे. तू पहिल्यांदा घातलास तेव्हाच ओळखलं मी."

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं तू सांगशील. आज सांगेल, उद्या सांगेल. मग मी बघायला लागले, तो मध्यावर आला की तू काय करतोस. प्रत्येक वेळी तू प्रश्न विचारलास. एकदाही म्हणाला नाहीस, की संपदा, जाऊ नको."

"कोचने तसं म्हणायचं..."

"मी कोचला कधी विचारत होते?"

बाहेर कुणाच्या तरी घरी भांडी पडली. उन्मेषने चष्मा काढला. तो काढल्यावर ती त्याला जरा पुसट दिसायला लागली.

"यंत्र खोटं नाही सांगत," संपदा म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, त्यापेक्षा राग बरा असं उन्मेषला वाटलं. "माझं मन आत्ता राहण्याकडेच आहे. त्या खोलीत मी स्वतःला बघितलं आणि मला रडू आलं, ते खरं होतं. पण ते माझं मन आहे, की तुझा प्रश्न आहे, हे मला सांगता येत नाही. इथे बसून ते कधी कळायचंही नाही. रोज संध्याकाळी तू समोर असणार. म्हणून मी जाणार आहे."

"काटा राहा म्हणत असताना?"

"तो म्हणतोय म्हणूनच."

उन्मेषने टेबलावरचे तिचे हात धरले. कितीतरी महिन्यांनी तो प्रश्नचिन्ह नसलेलं वाक्य बोलला. "नको जाऊस. मला तू नसलेलं घर नकोय. मला भीती वाटते, संपदा. नोकरी सोडल्यापासून वाटते. मी कुणीच नाही असं वाटतं, आणि तू आलीस की जरा बरं वाटतं. नको जाऊस."

संपदाने हात सोडवून घेतले नाहीत. ती रडली, तोही रडला, आणि नंतर तिने उठून खिचडी टाकली, कारण दोघांनाही भूक लागली होती.

"हे बोललास ते बरं केलंस," ताट वाढताना ती म्हणाली. "फार उशीर केलास, पण बरं केलंस." दुसऱ्या दिवशी सकाळी तिने केंद्राला होकार कळवला.

पुढच्या महिन्यात ती गेली. उन्मेषने कंपनीला चष्मा परत केला. माणसं काही दिवस येत राहिली, मग दळवींकडे पाठवलेले लोक ठरवायला फार वेळ लावतात अशी तक्रार झाली आणि ती यायची थांबली. आता आपणहून येणारे थोडे लोक येतात. तो त्यांचं ऐकतो. एखाद्या वेळी राहवलं नाही तर, मला असं वाटतं, असं सांगूनही टाकतो आणि वर म्हणतो, "हे माझं आहे हं, तुमचं नाही." प्रमाणपत्राच्या पुढच्या पायरीचे तास भरायचे राहून गेले.

संपदाचा फोन रविवारी येतो. ती भरती-ओहोटीचं बोलते, दोरांवर वाढणाऱ्या शेवाळाचं बोलते. तिचा आवाज मोकळा झालाय, आणि ते ऐकून उन्मेषला बरं वाटतं आणि वाईटही वाटतं. मागच्या रविवारी तिने विचारलं, "कसा आहेस?"

"कंटाळलोय," तो म्हणाला. "घर खायला उठतं. गणपतीला ये. तिकडचं काम चालू असेल तर मी येतो, पण मला तुला बघायचंय."

पलीकडे वारा होता, समुद्र होता. बोलण्याआधी तिने श्वास घेतला, तोही त्याला ऐकू आला.

"बघते," ती म्हणाली.

त्या श्वासात काय होतं, ती कुठे झुकली होती, हे सांगणारं त्याच्या डोळ्यांवर काही नव्हतं. त्याने विचारलंही नाही. "बघ," एवढंच म्हणून तो फोन कानाला धरून बसून राहिला.